मेट्टुपालयम: ऊटीची दातेरी रेल्वे पायथ्यापासून करायची तर

ऊटीला जाऊन ‘टॉय ट्रेन केली’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी ऊटी ते कुन्नूर एवढाच तुकडा केलेला असतो. त्यात वाईट काही नाही. केत्तीची दरी दिसते, चहाचे मळे दिसतात, तास-सव्वा तासात काम होतं. पण त्या तुकड्यात पुढे डिझेल इंजिन असतं आणि खाली आपले नेहमीचे दोन रूळ. ज्या गोष्टीमुळे ही रेल्वे भारतात एकमेव ठरते, ती दातेरी पट्टी आणि डब्यांना मागून ढकलत नेणारं वाफेचं इंजिन, हे सगळं कुन्नूरच्या खाली आहे. ते पाहायचं तर घाटाच्या तळाशी, मेट्टुपालयमला, सकाळी सातच्या आत हजर व्हावं लागतं. बाकीची सहल कशीही आखा, पण ही एक वेळ आधी पक्की करा आणि मग उरलेलं तिच्याभोवती बसवा. उलटं करायला गेलात, म्हणजे आधी ऊटीचं हॉटेल आणि मग ‘जमलं तर ट्रेन’, तर ट्रेन जमत नाही.

गाडी नक्की काय आहे ते आधी समजून घ्या

मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून सुमारे ३२६ मीटरवर, ऊटी २,२०३ मीटरवर. मधलं अंतर ४६ किलोमीटर, मीटर गेज. वाटेत २०८ वळणं, २५० पूल आणि १६ बोगदे. या ४६ किलोमीटरचे तीन तुकडे मनात ठेवा. मेट्टुपालयम ते कल्लार हा पहिला सात-आठ किलोमीटरचा भाग जवळजवळ सपाट. कल्लार ते कुन्नूर हे साधारण वीस किलोमीटर म्हणजे खरा घाट, दातेरी पट्टी फक्त इथेच. कुन्नूरच्या पुढे ऊटीपर्यंत चढ आहे, पण साध्या रुळांवर निभावणारा.

चढ किती, हे आपल्या घाटांशी ताडून पाहिलं की लगेच कळतं. बोरघाटात सर्वांत कडक चढ ३७ मीटरला एक मीटर. तेवढ्यासाठीही कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लावावी लागतात. नेरळ-माथेरानला वीसला एक, म्हणून ती गाडी इतकी वळसे घेत जाते. कल्लारच्या वर हा चढ बाराला एक होतो. इतक्या चढावर लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरणारच, मग इंजिन कितीही ताकदवान असो. म्हणून दोन रुळांच्या मधोमध, रुळांपेक्षा किंचित उंच, दात कापलेल्या दोन पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत. इंजिनाच्या पोटाखालची दातेरी चाकं त्यांत अडकून वर चढतात. दोन्ही पट्ट्यांचे दात एकमेकांसमोर नसून मुद्दाम पुढेमागे ठेवलेले असतात, म्हणजे एक दात सुटत असताना दुसरा धरलेलाच असतो आणि गाडीला हिसके बसत नाहीत. ही पद्धत स्विस अभियंता कार्ल रोमन आब्ट याची.

इंजिनंही स्विसच, विंटरथूरच्या कारखान्यातली, ‘एक्स’ वर्गाची. त्यांना सिलिंडरच्या दोन जोड्या असतात. एक जोडी नेहमीची चाकं फिरवते, दुसरी दातेरी चाकं. सपाटीवर फक्त पहिली चालते. पट्टी लागली की पहिल्या जोडीत वापरून झालेली वाफ बाहेर न सोडता दुसऱ्या जोडीत पाठवतात आणि त्याच वाफेकडून आणखी काम काढून घेतात. अलीकडची काही इंजिनं मात्र देशी आहेत, तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधलेली. जुन्यांपैकी काही कोळशाऐवजी तेलावर चालतील अशी करून घेतली आहेत.

या रेल्वेचा विचार १८५४ मध्येच निघाला होता. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १८९१ उजाडलं, मध्ये कंपनी बुडाली, आणि अखेर १८९९ मध्ये गाडी कुन्नूरला पोहोचली. ऊटीपर्यंत जायला १९०८ आलं. मेट्टुपालयमला मात्र मोठी रेल्वे १८७३ मध्येच आलेली, त्यामुळे मधली पंचवीसेक वर्षं लोक इथे उतरून टांग्यांनी आणि बैलगाड्यांनी घाट चढत. २००५ मध्ये युनेस्कोने दार्जिलिंगच्या जोडीला या रेल्वेलाही जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. गर्दी तेव्हापासून जी वाढली ती वाढलीच.

तारीख निवडताना आपला पावसाळा विसरा

महाराष्ट्रातून जाणारा माणूस जून ते सप्टेंबर टाळतो आणि दिवाळीची सुट्टी धरतो. इथे नेमकं तेच अंगाशी येतं. निलगिरीच्या या पूर्वेकडच्या उतारावर जोराचा पाऊस परतीच्या वाऱ्यांबरोबर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. दरडी कोसळतात, रुळांवर माती आणि झाडं येतात, आणि मेट्टुपालयम-कुन्नूर गाडी कधी एक दिवस, कधी कितीतरी दिवस बंद राहते. नोव्हेंबर २००९ मध्ये तर या भागात दरडींनी मोठा अनर्थ केला होता. दिवाळीतच जायचं असेल तर जा, पण गाडी न मिळाल्यास काय करायचं हे ठरवूनच.

एप्रिल-मे मध्ये गाडी सहसा वेळेवर आणि नेमाने धावते, पण अख्खा तमिळनाडू आणि अर्धं कर्नाटक तेव्हा ऊटीला असतं. त्या काळात रेल्वे जादा विशेष गाड्याही सोडते. त्यांचं भाडं चढं असतं. माझं मत विचाराल तर पोंगलचा, म्हणजे तिकडच्या संक्रांतीचा, आठवडा सोडून जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. हवा स्वच्छ, दरड नाही, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट मिळण्याची थोडी तरी शक्यता.

तिकीट: इथेच सगळा खेळ आहे

रोज नियमाने वर जाणारी गाडी एकच. सकाळी ७:१० ला मेट्टुपालयम सोडते, दुपारी बाराच्या सुमारास ऊटी. डबे इनमिन तीन-चार, कारण बाराला एक अशा चढावर एक इंजिन याहून जास्त ढकलू शकत नाही. म्हणजे मागणी देशभराची आणि जागा एसटीच्या चार-पाच गाड्यांएवढ्या.

आयआरसीटीसीवर शोधताना स्टेशनचे संकेत वापरा: मेट्टुपालयमसाठी एमटीपी, ऊटीसाठी यूएएम, कुन्नूरसाठी ओएनआर. ‘ऊटी’ टाकून शोधत बसू नका, स्टेशनचं अधिकृत नाव उदगमंडलम आहे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, जुन्या माहितीवर जाऊ नका. खातं आधारशी जोडून ठेवा, प्रवाशांची नावं आधीच यादीत भरून ठेवा आणि पैसे यूपीआयने भरायची तयारी करून आठच्या पाच मिनिटं आधी लॉगिन व्हा. शनिवार-रविवारच्या जागा चहा गार व्हायच्या आत संपतात.

ऊटीपर्यंतचं मिळालं नाही तर कुन्नूरपर्यंतचं पाहा. दातेरी भाग कुन्नूरलाच संपतो, त्यामुळे कुन्नूरला उतरून बसने ऊटी गाठलीत तरी तुम्ही मुख्य गोष्ट चुकवलेली नाही. उलट, पाचव्या तासाला गुडघे आखडलेल्या मंडळींना हेच बरं वाटतं.

पहिला वर्ग घ्यायचा की दुसरा? इंजिन मागे असल्याने वर जाताना पहिल्या वर्गाचा डबा अगदी पुढे असतो आणि समोरच्या काचेतून थेट रूळ दिसतात. गाडीची आवड असेल तर एवढ्यासाठी जास्तीचे पैसे वसूल आहेत. नुसता डोंगर पाहायचा असेल तर दुसरा वर्ग पुरतो. बाकं समोरासमोर, थोडी अंग चोरून बसायची, पण खिडक्या तेवढ्याच मोठ्या.

वेटिंग लिस्टवर भरवसा ठेवू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, आणि सकाळच्या या गाडीचा चार्ट आदल्या रात्रीच लागतो. मग उरतो एक मार्ग: अनारक्षित जागा. त्या मोजक्या असतात, तिकिटं सकाळी स्टेशनवरच मिळतात आणि रांग उजाडायच्या आधी लागते. एकटे-दुकटे असाल, कुठेही कोंबून बसायची तयारी असेल, तर जमतं. आजी-आजोबा आणि दोन मुलं घेऊन या रांगेवर सहल उभी करू नये.

पायथ्याशी पोहोचायचं कसं

मुंबईहून विमानाने थेट कोइम्बतूर. रेल्वेने लोकमान्य टिळक टर्मिनस ते कोइम्बतूर अशी रोजची एक्सप्रेस आहे, पुणे आणि सोलापूर घेत जाणारी, दोन रात्रींची. ती सकाळी पोहोचते खरी, पण त्याच सकाळची ७:१० धरायचा हिशेब करू नका. कसाही या, मधे एक रात्र पकडा.

ती रात्र कुठे काढायची, यावर दोन मतं आहेत. कोइम्बतूर मोठं शहर आहे, सोयी जास्त. तिथून मेट्टुपालयम साधारण ३५ किलोमीटर. पण दिवसा धावणाऱ्या कोइम्बतूर-मेट्टुपालयम लोकल गाड्या ७:१० साठी उपयोगाच्या नाहीत. पहाटे उपयोगाची एकच, चेन्नईहून रात्रभर धावून येणारी नीलगिरी एक्सप्रेस. ती पाचच्या सुमारास कोइम्बतूरला येते आणि सव्वासहाच्या आसपास मेट्टुपालयमला टेकते. स्थानिक लोक तिच्या जनरल डब्यातून सर्रास येतात. चेन्नईमार्गे येणाऱ्यांसाठी तर हीच सर्वांत सरळ वाट, कारण वर जाणारी गाडी तिच्याशीच जुळवलेली आहे.

मी मेट्टुपालयममध्येच मुक्काम करावा या मताचा आहे. गाव दिसायला साधं: बटाटा-लसणाची मोठी बाजारपेठ, भाजीचे ट्रक, भवानी नदी, आजूबाजूला सुपारीच्या बागा. पर्यटनाचं असं फार काही नाही. पण बसस्थानक आणि स्टेशन एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लॉज त्यांच्या आसपास, आणि सकाळी साडेपाचला दार ओढून घेतलं की सहाच्या आत फलाटावर. संध्याकाळी लवकर पोहोचलात तर स्टेशनच्या आवारातलं छोटं रेल्वे संग्रहालय बघून घ्या. सकाळी त्याला वेळ मिळत नाही.

जेवणाखाणाचं फार टेन्शन घेऊ नका. इडली, पोंगल आणि फिल्टर कॉफी पहाटेपासून मिळते. हिंदी इथे फारशी चालत नाही. ‘अण्णा’ म्हणून हाक मारून ‘ऊटी ट्रेन?’ एवढं विचारलंत की बोटाने दिशा मिळते.

सामानाचं

डब्यात सामानाला जागा जवळजवळ नाहीच. मोठी चाकांची बॅग आणलीत तर ती बाकांच्या मधे उभी राहील आणि समोरच्याशी पाच तास तुमच्या गुडघ्यांची झटापट चालेल. पाठीवरची पिशवी उत्तम. स्वेटर मात्र हाताशी ठेवा. पायथ्याला घाम निघतो आणि त्याच दुपारी जवळजवळ एकोणीसशे मीटर वर अंगात हुडहुडी भरते.

पाण्याची स्वतःची, पुन्हा भरता येणारी बाटली घ्या. नीलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे आणि त्यात पाण्याच्या बाटल्याही येतात. चौक्यांवर तपासणी होते, दंडही होतो. आणखी एक: खासगी गाडीने नीलगिरीत शिरायला मे २०२४ पासून ई-पास लागतो. रेल्वेने किंवा सरकारी बसने जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

गाडीत शौचालय नाही. हे नीट वाचा. स्टेशनवरच उरकून घ्या, मुलांनाही घेऊन जा. वाटेतल्या थांब्यांवर सोय असते, पण तेव्हा सगळी गाडीच तिकडे धावते.

सकाळ, फलाटावर

नीलगिरी एक्सप्रेस आली की एकदम गर्दी उसळते. बाजूलाच निळ्या-पिवळसर रंगाचे बुटके डबे उभे असतात. रुंद ब्रॉडगेजच्या शेजारी मीटर गेज पाहिलं की गाडी आहे त्याहूनही लहान वाटते. तुमची जागा आरक्षित असेल तर धावपळ करू नका. डब्याचा क्रमांक बघून प्रत्येक खणाचं वेगळं दार उघडायचं आणि आत बसायचं. एका खणातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही, त्यामुळे कुटुंब दोन खणांत विभागलं असेल तर डबा-खाऊ आधीच वाटून घ्या.

मग इंजिनाकडे जा. सहा-सव्वासहाच्या सुमारास ते शेवटच्या डब्याला, म्हणजे उताराकडच्या बाजूला लागलेलं किंवा लागत असतं. चाकांच्या मधून वाकून पाहिलंत तर दातेरी चाक दिसतं, तेलाने काळंभोर, दातांच्या कडा तेवढ्या घासून चकचकीत. इंजिनाचा चालक मागच्या टोकाला असल्याने त्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक डब्याच्या पुढच्या उघड्या सज्जात एक ब्रेकमन उभा असतो. हिरवा-लाल बावटा आणि समोर ब्रेकचं मोठं चाक. सगळ्यांत पुढचा ब्रेकमन मार्ग पाहून बावटा दाखवतो, मागचे तो इशारा चालकापर्यंत पोहोचवतात, आणि शिट्टीच्या खुणेवर सगळे मिळून ब्रेक आवळतात किंवा सैल सोडतात. फोटो काढा, पण गाडी सुटायच्या वेळी त्यांच्या सज्जात चढू नका. ती त्यांची कामाची जागा आहे.

निघाल्यावर काय पाहायचं

स्टेशन सुटताच भवानीचा पूल, मग सुपारीची राई. इथे वेग ठीकठाक असतो, पुढे तो ताशी तेरा किलोमीटरच्या वर जात नाही. कल्लारला गाडी पाणी घेते, आणि नवख्यांनी लक्ष द्यायचं ते त्यानंतरच्या दोन मिनिटांवर. पट्टीचं सुरुवातीचं टोक स्प्रिंगवर बसवलेलं आहे, म्हणजे इंजिनाचं दातेरी चाक आणि पट्टी यांचे दात नेमके जुळले नाहीत तर टोक थोडं दबतं आणि दात बसले की वर येतं. गाडी अगदी रांगत त्यावर जाते. खालून एक खडखडाट येतो, मग बाकावरच तुमची पाठ मागे कलते आणि मागून इंजिनाचे उसासे जड होतात. नवखे लोक नेमके याच वेळी मोबाइलमध्ये मागचा पूल बघत असतात.

कल्लार हा हत्तींच्या येण्याजाण्याचा पट्टा आहे. कधी गाडी विनाकारण थांबल्यासारखी वाटते, तेव्हा कारण रुळांवर असू शकतं.

पुढे अ‍ॅडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड अशी स्टेशनं लागतात. आसपास वस्ती जवळजवळ नाही. थांबे आहेत ते मुख्यतः इंजिनाच्या पाण्यासाठी, पाय मोकळे करायला आपल्याला फुकटात मिळतात. हिलग्रोव्हला चहा-वडे मिळतात आणि माकडंही. वडा हातात घेऊन फलाटाच्या कडेला निवांत उभं राहायची जागा ती नव्हे. शिट्टी झाली की लगेच चढा.

बोगद्यांच्या भिंती डब्याला अगदी लगटून जातात. हात, डोकं, मोबाइल धरलेली काठी, काहीही बाहेर नको. इंजिन मागे असल्याने धूर तोंडावर येत नाही असं लोक सांगतात. ते मोकळ्यावर खरं. लांब बोगद्यात मात्र खिडकी ओढून घ्यावी, आणि पांढरा शर्ट घालून येऊच नये.

कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि डिझेल लागतं. इंजिनांची शेडही इथेच, फलाटावरून दिसते. गाडी बराच वेळ थांबते, उतरून पाहायला हरकत नाही.

गाडी रद्द झाली तर

दरड पडली की दक्षिण रेल्वेच्या सेलम विभागाकडून सूचना निघते. पावसाळी दिवसांत आदल्या संध्याकाळी एकदा आणि निघण्यापूर्वी एकदा गाडीची स्थिती पाहा. पूर्ण गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, त्यासाठी खिडकीवर भांडू नका. सरळ बसस्थानक गाठा. कुन्नूरमार्गे ऊटीच्या बसेस सतत असतात. कोटागिरीमार्गे रस्ता लांबचा, पण कुन्नूरच्या घाटात खोळंबा असला की तोच कामाला येतो. वर पोहोचल्यावर ऊटी-कुन्नूर गाडी चालू आहे का पाहा. खालचा घाट बंद असतानाही ती बऱ्याचदा चालू असते.

परतीचं

ऊटीहून खाली येणारी गाडी दुपारी दोनला सुटते आणि साडेपाच-सहाच्या दरम्यान मेट्टुपालयमला पोहोचते. उतारावर इंजिन ढकलत नाही, उताराच्या बाजूला, म्हणजे आता पुढे, राहून गाडीला धरून ठेवतं. तिकीट वर जाण्यापेक्षा थोडं सोपं मिळतं, पण दोनपैकी एकच करायचं असेल तर वर जाणारीच करा. इंजिनाचं खरं काम चढावर ऐकू येतं. खाली उतरलात की चेन्नईकडची नीलगिरी एक्सप्रेस रात्री नऊच्या पुढे सुटते, तोवर जेवण निवांत होतं. कोइम्बतूरहून विमान असेल तर त्याच रात्रीचं न धरता दुसऱ्या दिवशीचं धरा, कारण ही गाडी तास-दीड तास उशिरा येणं कुणालाच नवल वाटत नाही.